विश्लेषण : साइटवरच्या कचऱ्याच्या पिंपांना लेबलं किती लागतात? पिंपं मोजून उत्तर चुकतं!

बांधकामाच्या साइटवर सिमेंट किती गोणी लागेल, स्टील किती टन लागेल, याचा हिशेब पैशापर्यंत होतो. कचऱ्याच्या डब्यांवर चिकटवायची लेबलं मात्र 'आहेत तेवढी मागवा' एवढ्यावर सुटतात. विषय क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो.

निळं पिंप आणि पुसलेलं लेबल

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका साइटवर इंटर्नशिप करत होतो. काम स्टोअरमध्ये. एक दिवस सुपरवायझर म्हणाले, "कचऱ्याची पिंपं मोज आणि तेवढी स्टिकरं मागव." मी मोजली, ४० भरली. ४० स्टिकर मागवले, लावले, फाइल बंद केली.

जुलैच्या पावसात बहुतेक स्टिकर गळून पडले. जास्तीचा एकही नव्हता. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडचा उरलेला गाळ ज्या निळ्या पिंपात ओतला जायचा, तेही कोरं झालं. साइटवर पाण्याची पिंपंही अशीच निळी असतात. एका गवंड्याने पाणी समजून त्यात हात घातले. मनगटाच्या वरपर्यंत भाजले. त्याचं आठ दिवस काम बुडालं, म्हणजे आठ हजेऱ्या गेल्या. अपघाताच्या नोंदीत कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ते कारण खोटं होतं. चुकला होता माझा हिशेब.

नियम काय सांगतो?

राडारोड्यासाठी केंद्राचे स्वतंत्र नियम २०१६ मध्ये आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्यांनी तो चार गटांत वेगळा ठेवावा, असं त्यात सांगितलं होतं. काँक्रीट हा पहिला गट, माती दुसरा, स्टील-लाकूड-प्लॅस्टिक तिसरा आणि विटा व मॉर्टर चौथा. एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यांनी जबाबदारी आणखी वाढवली आहे.

घातक कचऱ्याचे नियम वेगळे आहेत. जनरेटरचं जळकं ऑइल, रसायनांचे रिकामे डबे, तेलकट चिंध्या हे सगळं त्यात येतं. अशा डब्यावरचं लेबल पिवळं हवं. 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' ही सूचना लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत हवी. लेबल पाण्याने धुऊन न जाणारं हवं, हेही नियमातच लिहिलं आहे. असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

हिशेब नेमका कुठे चुकतो?

आपण 'आज साइटवर किती डबे आहेत' हे मोजतो. मोजायला हवं ते 'काम संपेपर्यंत किती वेळा लेबल लावावं लागेल'. यात चार गोष्टी धराव्या लागतात.

१. बाजू : एका डब्याला एक लेबल पुरत नाही. ती बाजू भिंतीकडे फिरली की डबा कोराच दिसतो.

२. आयुष्य : ऊन, पाऊस, सिमेंटची धूळ आणि क्रेनची घासण. आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी लेबल बदलायचं धरून चाला. त्यातला एक बदल पावसाळ्याच्या तोंडावरच करा.

३. फेरे : घातक कचऱ्याचं पिंप उचललं जातं तेव्हा लेबल त्याच्यासोबत जातं. नव्या पिंपाला नवं लेबल लागतं.

४. नासधूस : वाकडं चिकटलेलं, फाटलेलं, चुकीचं लिहिलेलं. यासाठी १५ टक्के जास्तीचे ठेवा.

एक उदाहरण करून पाहू

दोन इमारती, काम २४ महिन्यांचं. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या साइटचे वेगळे असतील.)

जमिनीवर चार गटांचे प्रत्येकी दोन मोठे लोखंडी डबे, म्हणजे ८. प्रत्येक इमारतीत एका वेळी चार मजल्यांवर काम चालू. मजल्यावर माती निघत नाही, म्हणून तिथे तीनच डबे. एकूण २४. शिवाय घातक कचऱ्याची ६ पिंपं. पहिल्या दिवशी मोजलं तर भरतात ३८.

आता खरा हिशेब. ३२ साधे डबे, प्रत्येकाला दोन बाजूंना लेबल, म्हणजे ६४. दोन वर्षांत पहिल्यांदा लावण्यासह चार वेळा लावायची, म्हणजे २५६. घातक कचऱ्याची ६ पिंपं दर तीन महिन्यांनी जाणार, म्हणजे आठ फेऱ्यांत ४८ पिंपं आणि किमान ४८ लेबलं. १५ टक्के जास्तीचे धरले तर साधी २९५ आणि घातक ५६. एकूण ३५१.

३८ कुठे आणि ३५१ कुठे! फरक नऊपटीहून जास्त आहे.

आणखी एक खाच आहे. ही २९५ लेबलं चार गटांत सारखी वाटून छापली तरी फसगत होते. मातीचे डबे दोनच, त्यांना १९ पुरतात. बाकी तिन्ही गटांना प्रत्येकी ९२ लागतात. सारखी छापली तर मातीची लेबलं स्टोअरमध्ये धूळ खात पडतील आणि काँक्रीटची मध्येच संपतील. मग कोणीतरी 'माती'चं लेबल काँक्रीटच्या डब्यावर लावतो. चुकीचं लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट.

खर्च परवडतो का?

एका लेबलला ३० रुपये धरले तरी ३५१ लेबलांचे होतात १०,५३० रुपये, तेही दोन वर्षांत. दोन इमारतींच्या बजेटमध्ये ही रक्कम शोधावी लागेल. बचत करायचीच असेल तर मोठ्या लोखंडी डब्यांवर स्टेन्सिलने रंगवून टाका. मग त्यांची ६४ लेबलं, अधिक जास्तीची, वाचतील. घातक कचऱ्याच्या पिंपावर मात्र काटकसर नको.

'लेबल लावून काय होतं? शेवटी सगळं एकाच डंपरमध्ये जातं,' असं साइटवरचे लोक म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. डंपर वेगळा नसेल तर लेबल ही नुसती सजावट. पण म्हणून लेबल सोडायचं नसतं, डंपर वेगळा मागायचा असतो. विटांत लाकूड-प्लॅस्टिक मिसळलं की तो माल पुन्हा वापरण्यासाठी आधी निवडावा लागतो आणि ते काम महाग पडतं. शिवाय घातक पिंपाला हा युक्तिवाद लागूच पडत नाही. तिथे प्रश्न डंपरचा नाही, हाताचा आहे.

माझं मत

लेबलं स्टेशनरीच्या यादीतून काढून सुरक्षा साहित्याच्या यादीत, हेल्मेट आणि हातमोज्यांच्या शेजारी, टाकायला हवीत. राडारोड्याच्या आराखड्यात गटवार लेबलांचा आकडा आणि बदलण्याचे महिने लिहिलेले असावेत. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने डब्यावरच्या लेबलाबरोबर स्टोअरमधला शिल्लक साठाही पाहावा. आणि लेबलावर चित्र असावंच. आपल्या साइटवर बिहार, बंगाल, ओडिशातून आलेले कामगार आहेत. त्यातल्या अनेकांना मराठी येत नाही, काहींना वाचताच येत नाही.

तुम्ही साइट इंजिनीअर असाल, स्टोअर सांभाळत असाल किंवा तुमच्याच सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, तर उद्या दोनच प्रश्न विचारा. घातक कचऱ्याची कोरी लेबलं स्टोअरमध्ये किती शिल्लक आहेत? आणि पावसाळ्याआधी ती बदलायची कोणाच्या नावावर आहेत? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही, तर एखादं निळं पिंप कोरं पडलेलं असण्याची शक्यता आहे. ते आधी शोधा.