आसरा नको, अभय द्या

“हात लावू नोको त्याले! माणसाचा वास लागला का माय जवळ घेत नाई मंग.” भर उन्हाळ्यातला नवतपा लागला की अमरावती-अकोल्याच्या अंगणांतून हे वाक्य हमखास ऐकू येते. निंबाखाली पिल्लू पडलेले असते, भोवती पोरांचे कोंडाळे जमते आणि कोणीतरी वडीलधारे हा निकाल देऊन मोकळे होते. तेवढ्यात घरातून दुसरे कोणी वाटीत दूध आणि ड्रॉपर घेऊन येते. पहिल्याच्या भीतीपायी पिल्लू उन्हात पडून राहते, दुसऱ्याच्या मायेपायी ते रात्रीपर्यंत जाते. दोघांच्याही पोटात दया आहे, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच या दोघांशी भांडावेसे वाटते.

आधी वासाची गोष्ट. आपल्या अंगणातले बुलबुल, साळुंकी, चिमणी, सातभाई हे पक्षी पिल्लाला हुंगून पारखत नाहीत. त्यांची खूण आवाजाची आणि घरट्याच्या जागेची. माय येत नाही ती आपण तिथे घोळका करून उभे असतो म्हणून. गेल्या मे महिन्यात माझ्या दारच्या जास्वंदीतून बुलबुलाचे एक पिल्लू खाली आले. अंगावर पीस नव्हते, डोळे मिटलेले, पोटाची कातडी इतकी पातळ की आतले दिसावे. मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. मी त्या झटकल्या, पिल्लू ओंजळीत घेऊन घरट्यात ठेवले आणि खिडकीच्या पडद्याआड जाऊन उभा राहिलो. वीसेक मिनिटांनी माय विजेच्या तारेवर आली. चोचीत हिरवी अळी होती. दोनदा जास्वंदीवरून घिरटी घातली आणि खाली उतरली. माझ्या हाताचा वास तिच्या आड आला नाही.

आता दुधाबद्दल. पक्षी सस्तन नव्हे. दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. पाण्याचे तर त्याहून वाईट. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या अगदी मागे उघडे असते. चोच फाकवून वरून थेंब सोडला की तो पोटाऐवजी श्वासात उतरतो. शेजारी एकदा बुटाच्या खोक्यात साळुंकीचे पिल्लू पाहिले. ड्रॉपरने दूध पाजून झाले होते. नाकपुडीशी बारीक बुडबुडा येई आणि दर श्वासाला शेपूट वरखाली होई. दिवेलागणीच्या आत ते गेले. पाजणारी बाई ढसाढसा रडली. मी तिला दोष देत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

पिल्लू घरी नेणाऱ्यांचा मुद्दा असा, की ते बिचारे अनाथ आहे. बहुतेक वेळा ते अनाथ नसतेच. अंगभर पिसे, बोटभर शेपूट, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू घरट्यातून पडलेले नसते, ते निघालेले असते. बुलबुलाची पिल्ले बाराव्या-तेराव्या दिवशी, नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. पुढचे काही दिवस मायबाप त्यांना झुडपाखाली चारतात, शिक्रा आला की इशारा देतात, कोणती अळी खायची ते दाखवतात. ही शाळा आपल्या खोक्यात भरत नाही. म्हणजे ‘वाचवले’ म्हणतो तेव्हा आपण पुष्कळदा पळवलेले असते. पोपटाचे पिल्लू तर काही घरांत ‘सापडले’ म्हणून येते आणि पिंजऱ्यात जन्म काढते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

उरले ते ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ म्हणणारे. पिसे आलेल्या पिल्लाबाबत त्यांचे म्हणणे निम्मे खरे. पण अंगण म्हणजे मेळघाट नव्हे. इथली मांजर आपण पोसलेली, इथले टिनाचे पत्रे आपले, रस्ता रुंद करायला तोडलेला निंब आपण तोडलेला. मे 2024 मध्ये उन्हापायी अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. माणसाला सावलीत जा म्हणणाऱ्या त्या उन्हात, तापल्या सिमेंटवर पडलेल्या पिल्लाला ‘निसर्ग’ म्हणून सोडून देणे ही मला सरळ अंग काढून घेण्याची रीत वाटते.

मग करायचे काय? उत्तर आपल्याच मातीत आहे. शेंडगावात जन्मलेल्या आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांसाठी आसरा सांगितला आहे, रोग्यांसाठी औषध सांगितले आहे. पशुपक्ष्यांसाठी मात्र शब्द आहे अभय. मला हा शब्द फार नेमका वाटतो. पिल्लाला आपले घर नको असते. त्याला हवी असते भीती नसलेली चार हात जागा, जिथे त्याची माय उतरू शकेल.

म्हणून उघडे पिल्लू दिसले की घरटे शोधा आणि त्यात ठेवा. घरटे मोडले असेल तर भोके असलेली टोपली घ्या, सुके गवत अंथरा आणि त्याच झाडाला सावलीच्या बाजूने सुतळीने बांधा. पिसेवाले असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, मांजर घरात कोंडा, कुत्रा बांधा, पोरांना आत बोलवा. आणि मग दूर व्हा. हे दूर होणेच सगळ्यांत जड जाते. तास-दीड तास लांबून पाहा.

पंख लोंबत असेल, रक्त असेल, मांजराचा दात लागला असेल, तर गोष्ट वेगळी. मांजराने केलेली जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला मारतात. अशा पिल्लाला भोके पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. काही पाजू नका, मोबाइलवर फोटो काढत बसू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा पशुवैद्याकडे न्या. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाच आहे.

यंदा नवतपा लागण्याआधी तो क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा, आणि ड्रॉपर औषधाच्या डब्यातच राहू द्या.