लिक्विड कूलर घ्यायचा का? आधी ग्राफिक्स कार्ड बघा

कामशेत, तळेगाव, लोणावळा, कुठलाही मुलगा गेमिंग पीसी बनवायला आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘दादा, लिक्विड कूलर टाकू ना?’ लिक्विडवर मला मार्जिन जास्त सुटतं, तरी सांगतो, बहुतेकांनी टाकू नका.

रायझन ५ ७६०० घ्या. ६५ वॅटचा प्रोसेसर, कूलर बॉक्समध्येच येतो. आवाज नको असेल तर दोन-तीन हजारांचा टॉवर एअर कूलर लावा, विषय संपला. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. फ्रेम्स तिथून येतात, आणि गेम खेळताना जास्त उष्णताही तेच कार्ड सोडतं. प्रोसेसरवरचं पाणी त्याला काय करणार?

पाणी म्हणजे फ्रिजसारखं गार, हाही गैरसमज. रेडिएटरवरून खोलीचीच हवा फिरते, त्यापेक्षा गार काही होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात कूलरवर दव धरेल ही भीतीही उगीच. आपल्याकडे खरा त्रास लाईट जाण्याचा. आधी यूपीएस घ्या.

मीही चुकलोय. अकरावीतल्या एका मुलाला हौसेखातर लिक्विड बसवून दिला. ऐन जुलैत पंप बंद. वॉरंटीतून बदलून येईपर्यंत पीसी पडून, आणि त्याच्या वडिलांसमोर मी मान खाली घालून. एअर कूलरचा पंखा गेला असता तर त्याच दिवशी बदलून दिला असता.

कोअर आय९-१४९००के असेल, २५३ वॅटपर्यंत जाणारा, आणि दिवसभर रेंडरिंग असेल, तर खुशाल ३६० एमएमचा घ्या. कॅबिनेटमध्ये बसतो का ते तेवढं मोजून या.