अडलेले गणित आणि विकतचे उत्तर

अकरावीच्या पदार्थविज्ञानातले एक साधे गणित घ्यावे. भरलेल्या बैलगाडीचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम, रस्त्याचा विरोध १०० न्यूटन; गाडीला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण द्यावयाचे तर बैलांनी किती बल लावले पाहिजे? सूत्र पाठ केलेला विद्यार्थी ४०० ला अर्ध्याने गुणतो आणि २०० न्यूटन लिहून मोकळा होतो. पुस्तकामागचे उत्तर असते ३००. हे वरचे शंभर आले कोठून, हे विचारावयास त्याने कोणाकडे जावे?

ज्याच्या घरी शास्त्र शिकलेले कोणी आहे त्याची अडचण जेवणाच्या ताटावर सुटते. ज्याचे पालक क्लासची फी भरू शकतात त्याला शंकांसाठी स्वतंत्र तासिका मिळते. या क्लासांवर सरकार १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये अशा मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण सतराव्या वर्षी अडलेल्या मुलाने क्लासऐवजी कोठे जावे, या प्रश्नाला त्यांत उत्तर नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे हाल तर दुहेरी. दहावीपर्यंत त्याने त्वरण, घर्षण, प्रतिक्रियाबल हे शब्द मेहनतीने आत्मसात केलेले असतात. शास्त्र शाखेत पाऊल टाकताच एका उन्हाळ्यात ते सारे जप्त होतात. गणित इंग्रजीपायी अडले की बलापायी, हेच त्याला सांगता येत नाही. मग भरल्या वर्गात हात वर कोण करणार?

खिशातला फोन आता गणिताचे छायाचित्र घेऊन सगळ्या पायऱ्या लिहून देतो. वहीत २०० अधिक १०० बरोबर ३०० असे उतरते. पुढच्या गणितात गाडी चढाला लागते आणि मूल पुन्हा जागच्या जागी. क्लासातले घाईघाईने सांगितलेले उत्तरही याच जातीचे, फक्त महाग.

खरी मदत करणारा उत्तर सांगत नाही. तो मुलाला कागदावर गाडी काढावयास लावतो आणि विचारतो, हिला ओढते कोण, अडवते कोण? दोन बाण निघतात. त्वरणासाठी २०० न्यूटन शिल्लक उरावयाचे, तर ओढ ३०० ची हवी, हे मूल स्वतःच म्हणते. आणि मग ते खरा प्रश्न विचारते: गाडीही बैलांना तितक्याच बलाने मागे ओढते ना, मग ती हलते कशी? ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. गाडीचा हिशेब करताना गाडीवरचीच बले धरावयाची. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते. चिखलात खूर घसरले की गाडी रुतते, हे शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकाआधीच ठाऊक असते. ते न्यूटनच्या नियमाशी जोडून देणारा माणूस मात्र समोर बसलेला असावा लागतो.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले 'सवालीराम' या कल्पित गृहस्थाला पत्रे लिहून शंका विचारीत, आणि उत्तरे येत. त्या कार्यक्रमाची पुस्तके खालच्या वर्गांसाठी होती. पण विचारणाऱ्याला लाजवावयाचे नाही, ही त्याची रीत अकरावीलाही लागू पडते. सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला.

गावोगावच्या वाचनालयांत, अभ्यासिकांत एक फळा आणि आठवड्याच्या दोन संध्याकाळी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. निवृत्त शिक्षक आहेत, बी.एस्सी.ला शिकणारी मुले-मुली आहेत. पक्षशाखांच्या खोल्याही आहेत, ज्यांची कुलपे बहुधा निवडणुकीलाच निघतात. मात्र ही तासिका कॉलेजाच्या वेळापत्रकातच असली पाहिजे आणि रिक्त जागांवर पूर्णवेळ शिक्षक नेमले पाहिजेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी त्यापायी सोडू नये. पगारी शिक्षकाचे काम फुकटच्या उत्साहावर ढकलण्याची सोय सरकारला हवीच असते.