विश्लेषण : पहिल्या सोनोग्राफीतील काही मिलिमीटर इतके महत्त्वाचे का?

गर्भधारणेच्या सहाव्या आठवड्यात भ्रूणाचा आकार जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तरीही सोनोग्राफीत त्याची लांबी मोजता येते. त्यावरून बाळंतपणाची तारीख ठरते आणि कधी कधी गर्भ टिकला की नाही याचा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो.

हे चित्र तयार कसे होते?

कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून यंत्र चित्र उभे करते. यात क्ष-किरण नसतात. ग्लासगोतील डॉ. इयान डोनाल्ड, डॉ. जॉन मॅकव्हिकार आणि अभियंता टॉम ब्राऊन यांनी १९५८ मध्ये या तंत्राविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. लहरींची वारंवारता जास्त असेल तर बारकावे स्पष्ट दिसतात, पण लहरी फार खोल जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत योनीमार्गातून केलेली तपासणी अधिक उपयोगी ठरते.

कधी काय दिसते?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाभोवतीची पिशवी आणि सहाव्याच्या सुमारास हृदयाची स्पंदने दिसतात. पाळी अनियमित असेल तर हाच हिशेब आठवडाभर मागेपुढे होऊ शकतो.

लांबीवरून वय कसे कळते?

ग्लासगोतच ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतच्या लांबीवरून गर्भाचे वय काढण्याची पद्धत मांडली. अहवालातील ‘सीआरएल’ तो हाच. सुरुवातीला ही लांबी रोज सुमारे १ मिलिमीटरने वाढते. मात्र सर्वांची वाढ अगदी एकसारखी नसते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील २०१० च्या अभ्यासात आईचे धूम्रपान आणि फॉलिक अ‍ॅसिड न घेणे यांचा कमी लांबीशी संबंध आढळला. भारतात वापरली जाणारी अनेक सूत्रे पाश्चात्त्य महिलांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. म्हणूनच आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या ‘टीएचएसटीआय’ या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ‘गर्भिणी’ प्रकल्पात भारतीय महिलांच्या नोंदींवरून स्वतंत्र सूत्र तयार केले.

घाई कुठे नडते?

स्पंदन दिसले नाही म्हणजे गर्भ गेलाच, असे नाही. कदाचित तपासणी लवकर झाली असेल. जुन्या निकषांमुळे जिवंत गर्भालाही मृत ठरवले जाण्याचा धोका असल्याचे २०११ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. त्यानंतर तेथे निकष कडक झाले. लांबी किमान ७ मिलिमीटर असूनही स्पंदन नसेल, किंवा पिशवी २५ मिलिमीटरची होऊनही आत भ्रूण नसेल, तरच शंका बळावते. त्याहून लहान मोजमाप असल्यास काही दिवसांनी पुन्हा तपासणी केली जाते.

मोजणाऱ्याच्या हाताने एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. त्यामुळे रक्तस्राव किंवा तीव्र वेदना नसतील, तर एका तपासणीवरून गर्भपाताचा निर्णय घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडाभर थांबणे शहाणपणाचे. तो आठवडा आईसाठी कठीण असतो. पण चुकीचा निर्णय मात्र नंतर दुरुस्त करता येत नाही.