विशेग्रादच्या डोंगराखाली

डॅन्यूब नदी, तिच्या काठी डोंगर, माथ्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंती, खाली उतारावर एक दणकट बुरूज, आणि सगळ्यावर मऊ ऊन. हंगेरीचे चित्रकार कारोय मार्को (१७९३–१८६०) यांचे ‘विशेग्राद’ पाहताना मनाला आधी सुकून मिळतो. मार्को चित्रकार होण्याआधी अभियंता होते, जमीन मोजण्याचे काम करीत. १८३२ मध्ये ते इटलीला गेले आणि पुढचे आयुष्य बहुतेक तिकडेच गेले. तिथल्या त्यांच्या चित्रांत बायबलमधली आणि जुन्या रोमन कथांतली माणसे वावरतात. आम्हाला मात्र त्याआधीचे, मायदेशातले हे चित्र जास्त भावते, कारण जागा खरी आहे.

आणि त्या जागेशी आपलेही नाते आहे. पंधराव्या शतकात या डोंगराच्या पायथ्याशी राजा मात्याश याचा महाल होता. १५४४ मध्ये उस्मानी फौजांनी विशेग्राद घेतले. पुढची सुमारे १४० वर्षे किल्ला कधी यांच्या हातात, कधी त्यांच्या. चित्रातले भग्न अवशेष पाहून कोणी ‘तुर्कांनी सगळे उद्ध्वस्त केले’ म्हणतो. त्यावर आपल्या घरांत ‘आपल्या लोकांनी असे काही केलेच नाही’ असे उत्तर मिळते. आम्हाला दोन्ही पटत नाही. वेढे पडले, तोफा दोन्हीकडून चालल्या, हे नाकारून कसे चालेल? पण त्याच काळात बुडामध्ये बांधलेली गुलबाबा या दरवेशाची मजार आजही उभी आहे, हेही मुलांना सांगायला हवे. आणि महाल नाहीसा व्हायला फौजांशिवाय आणखीही हात लागले. लढाया संपल्यावर वस्तीला आलेल्या लोकांनी घरे बांधायला त्याचे दगड नेले, डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने उरलेले झाकले.

चित्रात हा महाल मुलांना शोधायला सांगा. तो कुठेच दिसणार नाही. मार्कोंच्या काळी तो मातीखाली होता. पुढे तर असा महाल खरेच होता का, अशी शंका घेणारेही निघाले. १९३४ मध्ये यानोश शुलेक यांनी खोदकाम केले तेव्हा भिंती हाती लागल्या. लाल संगमरवरी कारंज्याचे तुकडेही निघाले.