हे खरे आहे काय?

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची यादी ज्यांनी एकदा तरी वाचली आहे, त्यांना तिचा साचा तोंडपाठ असतो. अमुक जिल्ह्यातील शेतकऱ्यांना पीकविम्याची रक्कम मिळालेली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्या भागाला 'हे खरे नाही', आणि उरलेल्या सगळ्या भागांना मिळून एकच ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही'. फारच अडचण झाली तर 'अंशतः खरे आहे' किंवा 'माहिती संकलित करण्यात येत आहे'. आमदाराचे नाव छापून येते, मंत्र्याचे उत्तर छापून येते. शेतकऱ्याच्या पासबुकात मात्र काहीच छापून येत नाही.

आपल्या जिल्हा बैठकांत आमदारांवर टीका पुष्कळ होते. ते सभागृहात बोलत नाहीत, बोलले तर आपल्या विषयावर बोलत नाहीत, ही तक्रार चुकीची नाही. पण एक गोष्ट आपण तपासून पाहत नाही. जे आमदार खरोखरच प्रश्न विचारतात, त्यांच्या हाती आपण काय देतो? निवेदन देतो. निवेदनात व्यथा असते, संताप असतो, मागणी असते. उत्तर देणाऱ्याला पळता येणार नाही असा नेमका प्रश्न त्यात नसतो. मग विधिमंडळ सचिवालयाच्या साच्यात ती व्यथा ओतली जाते आणि 'हे खरे आहे काय' होऊन बाहेर पडते. ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' या एका शब्दात देता येते, त्याचे उत्तर सरकार 'नाही' असेच देणार.

याउलट उदाहरण पाहायचे तर थोडे दूर जाऊ. ब्रिटनच्या संसदेने १९९८ मध्ये कायदा करून स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा दिली. १९९९ पासून ती एडिंबरो येथे भरते. सभासद १२९. शेती, मासेमारी, शिक्षण, आरोग्य हे विषय तिच्याकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि करांचा मोठा भाग लंडनकडे. म्हणजे आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्रसूची आणि राज्यसूची आहे, त्याच धाटणीची वाटणी. तेथील लेखी प्रश्न 'स्कॉटिश सरकारला विचारण्यात येते की' अशा शब्दांनी सुरू होतो आणि पुढे बहुधा 'किती', 'केव्हा', 'कोणत्या तारखेपर्यंत' असे शब्द येतात. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळतो. अधिवेशन चालू असताना कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर अपेक्षित असते, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही जनतेला वाचायला खुली असतात. तेथील मंत्रीही काही संत नाहीत. 'यथावकाश कळवू' आणि 'हा लंडनचा विषय आहे' ही उत्तरे त्यांनाही येतात. पण 'किती' या प्रश्नाला 'हे खरे नाही' असे उत्तर देता येत नाही, एवढा फरक पडतो.

दोन प्रकरणे सांगण्यासारखी आहेत. पहिले आपल्या फार ओळखीचे वाटेल. ब्रिटन युरोपीय संघात असताना स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांना संघाकडून थेट अनुदान मिळे आणि त्याचे वाटप एडिंबरोचे सरकार करी. या वाटपासाठी नवी संगणक यंत्रणा उभारली गेली. तिचा अंदाजित खर्च सुमारे १० कोटी पौंडांवरून १७ कोटी ८० लाख पौंडांवर गेला, आणि एवढे करूनही २०१५ चे अनुदान वेळेवर खात्यात पडले नाही. सरकारला स्वतःच्या तिजोरीतून शेतकऱ्यांना उचल द्यावी लागली. किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती रक्कम गेली, किती बाकी आहे, या आकड्यांवरून सभागृहात सरकारला धारेवर धरले गेले. मे २०१६ मध्ये तेथील महालेखापालांचा अहवाल आला आणि गोंधळ कागदावर सिद्ध झाला. आपल्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत काय झाले? जूनमध्ये ३४ हजार २२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असे आकडे जाहीर झाले, दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली, आणि लगेच संगणकातील याद्यांचा घोळ बाहेर आला. त्या वेळी सभागृहात गदारोळ कमी झाला नाही. कमी पडला तो दर पंधरवड्याला, बँकवार आणि तालुकावार विचारलेला एकच कोरडा प्रश्न : आजच्या तारखेला किती खात्यांत प्रत्यक्ष रक्कम जमा आहे?

दुसरे प्रकरण अधिक महत्त्वाचे. २०१४ ते २०२० या काळासाठी युरोपीय संघाने ब्रिटनला सुमारे २२ कोटी ३० लाख युरो जादा दिले. ते मिळण्याचे कारण स्कॉटलंड होते. तेथील जमीन बहुतांश डोंगराळ, चराऊ. हेक्टरी अनुदान युरोपच्या सरासरीपेक्षा फार कमी, आणि ती दरी थोडी बुजवावी म्हणून हा पैसा आला. लंडनने मात्र तो जुन्याच प्रमाणात चारही प्रांतांत वाटून टाकला. ज्याच्या गरिबीच्या नावावर पैसा आला, त्याच्या वाट्याला थोडाच आला. वाटपाचा निर्णय लंडनचा होता. 'आमच्या हातात काही नाही' म्हणून एडिंबरोचे सभागृह गप्प बसू शकले असते. ते बसले नाही. पक्षभेद बाजूला ठेवून सभासदांनी आणि तेथील शेतकरी संघटनेने हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर लंडनला लॉर्ड ब्यू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांसाठी १६ कोटी पौंड देण्याचे जाहीर झाले. हे श्रेय एकट्या प्रश्नांचे नाही. रेट्याशिवाय प्रश्न म्हणजे दाण्याशिवाय कणीस. पण रेटा कशासाठी लावायचा, कोणाचे किती येणे आहे, हे आकड्यांनिशी सतत मांडले गेले नसते, तर पहिल्या वर्षीच तो विषय विझला असता.

यात आपल्यासाठी काय आहे ते नीट पाहा. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या प्रश्नाला सगळ्यांत सोपे उत्तर म्हणजे 'हा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो'. हमीभाव दिल्ली ठरवते, निर्यात दिल्ली बंद करते, आयात दिल्ली सुरू करते. मुंबई हात वर करते आणि आमदार खाली बसतात. परंतु केंद्राच्या विषयातही राज्याने करायचे काम असते, आणि त्या कामाचा हिशेब राज्याकडेच मागायचा असतो. कापूस, सोयाबीन, तुरीचा हमीभाव दिल्लीने ठरवला हे कबूल. पण राज्याने केंद्रीय कृषिमूल्य आयोगाकडे किती भावाची शिफारस केली, ती कोणत्या उत्पादनखर्चावर आधारली, कोणत्या तारखेला पाठवली आणि काय उत्तर आले? कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली आणि ती मे २०२४ पर्यंत चालली. या काळात राज्य सरकारने केंद्राला किती पत्रे लिहिली, आणि त्यांच्या प्रती सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय? या प्रश्नांना 'केंद्राचा विषय' हे उत्तर चालत नाही. पत्र पाठवले असेल तर दाखवावे लागते, नसेल तर तेही उघडे पडते.

पीकविम्याचे तसेच. योजनेत शेतकऱ्याच्या हप्त्याव्यतिरिक्तचा भार केंद्र आणि राज्य उचलतात, आणि सरकारी हिस्सा वेळेवर पोहोचला नाही की भरपाई अडते. शेतकरी कंपनीकडे जातो, कंपनी राज्याकडे बोट दाखवते, राज्य केंद्राकडे. या तीन खांबी खेळात शेतकऱ्याची सोंगटी फिरत राहते. येथे 'विमा मिळाला नाही हे खरे आहे काय' असे विचारून काय हाती लागणार? विचारायचे ते असे : राज्याने आपल्या हिश्शाची रक्कम कोणत्या तारखेला, किती आणि कोणत्या कंपनीला दिली? २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांवर आला. मग आमच्या महसूल मंडळात किती प्रयोग ठरले होते, किती प्रत्यक्ष झाले, कोणत्या गावांत झाले आणि त्यांचे उत्पन्न किती निघाले? प्रयोग कागदावरच झाले असतील तर ते याच प्रश्नाने उघडे पडतील.

बियाण्यांचेही उदाहरण घ्या. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असे मानक आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. कृषी शास्त्राचा विद्यार्थी उगवण तपासताना बी मोजून मांडतो आणि फुटलेले कोंब मोजतो. 'बी बरे दिसते' असे लिहून त्याला गुण मिळत नाहीत. सरकारलाही तसेच मोजायला लावले पाहिजे. पेरणीपूर्वी किती नमुने काढले, त्यातील किती अप्रमाणित निघाले, त्यांचे निष्कर्ष पेरणीआधी आले की पेरणीनंतर, किती तक्रारींचे पंचनामे झाले, किती दावे न्यायालयात दाखल झाले आणि किती शेतकऱ्यांना पैसे मिळाले? सहा आकडे. सहावा आकडा शून्य असेल, तर पहिल्या पाचांचे भाषण करण्याची हिंमत कोणाला होणार नाही.

प्रश्नांनी काय होणार, असे विचारणारे आपल्यात आहेत. त्यांनी सप्टेंबर २०२० आठवावा. संसदेच्या त्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, आणि त्याच अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयके संमत झाली. राज्यसभेत तर त्यांतील दोन गोंगाटात, आवाजी मतदानाने. ते कायदे बरे की वाईट, यावर शेतकरी चळवळीत दुमत होते आणि आजही आहे. बाजाराचे स्वातंत्र्य हवे असणाऱ्यांनाही त्या पद्धतीचा फटकाच बसला. शेती आणि बाजार हे राज्यसूचीतील विषय असताना केंद्र हा कायदा कशाच्या आधारावर करते, माल घेऊन व्यापारी पळाला तर दाद कोठे मागायची, बाजार समित्यांचे काय होणार, हे प्रश्न सभागृहात विचारले गेले असते, उत्तरे मिळाली असती, तर कायदे सुधारले असते किंवा वेळीच थांबले असते. न विचारलेले प्रश्न मग दिल्लीच्या सीमेवर वर्षभर थंडीवाऱ्यात बसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले आणि सुधारणेचा विषयही मोडीत निघाला.

तेव्हा या बैठकीपासून एक काम हाती घ्यावे अशी विनंती आहे. प्रत्येक तालुक्याने निवेदनाबरोबर तीन प्रश्न लिहून आणावेत. प्रश्नात मागणी नको, विशेषण नको, 'खरे आहे काय' तर नकोच. किती, केव्हा, कोणी, कोणत्या गावात, एवढेच. प्रत्येक प्रश्नामागे आपल्याकडचा पुरावा जोडावा : सात-बारा, विम्याची पावती, बियाण्याची पिशवी आणि बिल, पंचनाम्याची प्रत. हे प्रश्न एकाच पक्षाच्या आमदाराला देऊ नयेत. सत्तेतल्यालाही द्यावेत आणि विरोधातल्यालाही. कोणी विचारला, कोणी खिशात ठेवला, याची नोंद पुढच्या बैठकीत वाचून दाखवावी. उत्तर आले की ते गावात वाचावे. मंत्र्याने सभागृहात 'चौकशी करू', 'महिन्यात रक्कम देऊ' असे म्हटले, तर ते नुसते बोलणे नसते, ते आश्वासन असते, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तिच्याकडे तारखेनिशी स्मरणपत्र जावे. उत्तर खोटे असेल तर हातातल्या पावतीसह त्याच आमदाराकडे परत जावे.

मोर्चे काढायचेच आहेत, रस्त्यावर उतरायचेच आहे. पण मोर्चा संध्याकाळी घरी जातो, आणि सभागृहाच्या इतिवृत्तात छापलेला आकडा तेथेच राहतो. पुढच्या वर्षी त्याच आकड्यावर बोट ठेवून सरकारला विचारता येते की गेल्या साली तुम्ही हे सांगितले होते, त्याचे काय झाले? शेतकरी अडाणी आहे, त्याला हिशेब कळत नाही, या समजावर आजवर पुष्कळांची दुकाने चालली. ती बंद करायची असतील तर हिशेब आपणच मागितला पाहिजे, आणि 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देताच येणार नाही अशा शब्दांत मागितला पाहिजे.