स्वयंपाकघरातील दुसरा संच



दर सप्टेंबरात आपली मुले शिक्षणासाठी कार्डिफला येतात आणि कॅथेज भागातील जुन्या, एकमेकांस खेटून उभ्या असलेल्या घरांत चार-पाच जणांत एक स्वयंपाकघर वाटून घेतात. खोली मिळताच पालकांची खरेदी सुरू होते. घरात आधीच्यांची भांडी असतात, तरीही तवा, कुकर, कढई यांचा दुसरा संच येतो. तो कशासाठी, हे कोणी मोठ्याने बोलत नाही.

वेगळी भांडी घेण्यास रास्त कारण असू शकते, हे मला मान्य आहे. गहू न सोसणाऱ्या सीलिअ‍ॅक रुग्णास टोस्टर निराळाच हवा. दुसऱ्याच्या पावाचा चुराही त्याला बाधतो. मुस्लिम विद्यार्थ्याला डुकराचे मांस शिजलेली कढई चालत नाही. धर्मनिष्ठ ज्यू घरात तर मांसाची आणि दुधाची भांडी कायमची अलग असतात. पण येथे वेगळेपण अन्नाचे आहे. मांसाचे पातेले कोणीही हाताळले तरी मांसाचेच राहते.

आता आपल्या मराठी सहनिवासाकडे पाहा. “आम्ही शाकाहारी, तुमची भांडी वेगळी ठेवा,” असे सांगितले जाते. ठीक आहे. मग त्याच कढईत वेल्श मित्राने बेकन तळले, तर ती घासून पुन्हा फडताळात कशी जाते? आणि आपल्या मुलीने तीत वांग्याची भाजी केली की ती का बाटते? बेकन साबणाने निघते आणि वांगे निघत नाही, हे कोणते रसायनशास्त्र? हा विटाळ पदार्थाचा नाही, आडनावाचा आहे. गावच्या हॉटेलाबाहेरची निराळी कपबशी विमानात बसली आणि येथे उतरून नॉनस्टिक झाली, इतकेच!

भाडेकरारात मात्र हा भेद नसतो. वेल्समध्ये 1 डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे संयुक्त करारावर सही करणारा प्रत्येक जण संपूर्ण भाड्यास बांधील असतो. एकाने भाडे थकविले तर घरमालक ते आपल्या मुलीकडे मागू शकतो. तेव्हा तिच्या पैशाला विटाळ होत नाही.

परंतु माझा अधिक राग आपल्यावर आहे. कोणी सांगण्यापूर्वीच आपण संच आणतो. “कशाला वाद? शिकायला गेली आहेस,” असे म्हणत आई बॅगेत कुकर भरते, आणि त्याच घरात 14 एप्रिलला समतेवर भाषणे होतात. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा पंचगव्याच्या 108 घागरींनी त्या तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. तरीही आपल्यासाठी दुसरे तळे खोदून द्या, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत.

तेव्हा यंदा खरेदीपूर्वी मुलीने सर्व सहनिवाशांसमोर, वेल्श मित्रही हजर असताना, विचारावे: कोणत्या पदार्थासाठी? उत्तरात पदार्थाचे नाव आले तर वेगळा तवा आनंदाने घ्यावा, खर्चही वाटून घ्यावा. ते आले नाही, तर सामाईक कढई शेगडीवर चढवावी आणि वांगी चिरायला घ्यावीत.